सोळाव्या स्लाइडवरची मागणी

मागच्या महिन्यात यवतमाळच्याच एका कॉलेजातून फोन आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कंपनीत सादरीकरण कसं करायचं ते तासभर शिकवा, तुम्हाला कारखान्याचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, असं तिथल्या प्राध्यापिकाबाई म्हणाल्या. मी तब्येतीचं कारण पुढं केलं. तब्येत ठणठणीत आहे. पण मुलांसमोर उभं राहून 'पहिली स्लाइड अशी असावी' म्हणायला जे तोंड लागतं, ते माझ्याकडं उरलेलं नाही. आयुष्यात खरं महत्त्वाचं असं एकच सादरीकरण माझ्या वाट्याला आलं, आणि त्यात मी एकतीस बायांचं काम घालवलं. कसं घालवलं ते पूर्ण कोणालाच सांगितलेलं नाही. इथं लिहून काढतो. लिहिल्यानं सुटका होईल अशी काही आशा नाही.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना दवाखान्यात लागणारा कापूस तयार करतो. दिग्रसच्या जिनिंगमधून रुई येते. ती आमच्याकडं उकळून पांढरी करायची, धुवायची, वाळवायची, पिंजायची, आणि मग निळ्या कागदात गुंडाळून तिचे रोल बांधायचे. उकळण्या-धुण्याचं काम पुरुष करतात. गुंडाळणं, वजन करणं, पिशवीत भरणं हे सगळं पॅकिंग हॉलमध्ये हातानं होई, आणि त्या हॉलमध्ये एकतीस बाया होत्या. मी प्रॉडक्शन इन्चार्ज. बाया मला साहेब म्हणत, आणि मलाही ते आवडे, उगाच कशाला खोटं बोलू.

त्यांची सुपरवायझर दिग्रसकडच्या एका तांड्यातली, लग्न होऊन लोहाऱ्याला आलेली. पंचेचाळिशीची असेल. दोन्ही गुडघे गेलेले. आधी लोकांच्या शेतात निंदायला जात होती, मग आमच्याकडं आली. निंदणाला उकिडवं बसावं लागतं आणि तिला ते आता जमणं शक्य नव्हतं. ती एकदा म्हणाली होती, "साहेब, हे सावलीतलं काम आहे. याच्यातून निघालो तर मले कोनी उभं नाही करत." हॉलमधल्या निम्म्याअधिक बायांची गोष्ट हीच होती, थोड्याफार फरकानं.

तर मुख्य ऑफिसनं ठरवलं की पॅकिंग आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या कारखान्यात यंत्रावर करायचं. आमच्याकडून पिंजलेला कापूस गाठी करून तिकडं पाठवायचा. पत्र आलं, मग दुसरं पत्र आलं. हॉल बंद होणार हे दिसत होतं. पण मला एक गोष्ट माहीत होती जी पत्र लिहिणाऱ्यांच्या ध्यानात नसावी. त्या मोठ्या कारखान्यात मी कामानिमित्त गेलो होतो तेव्हा मागच्या शेडमध्ये एक जुनं पॅकिंग मशीन ताडपत्री टाकून ठेवलेलं पाहिलं होतं. चालू स्थितीतलं. नवीन आलं म्हणून बाजूला काढलेलं. ते आम्हाला द्या, सहा महिने द्या, याच बाया ते चालवायला शिकतील. एवढंच मागायचं होतं. वाक्य एका श्वासात बोलून होतं. मी आत्ता मोजून पाहिलं, होतं.

मुख्य ऑफिसचे मोठे साहेब स्वतः येणार असं कळलं. पुण्याकडचे, मराठी माणूस. आमच्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की तुम्हाला वीस मिनिटं मिळतील, प्रेझेंटेशन करा, जे काय आहे ते मांडा. हाताशी दहा दिवस होते. मी हॉलमध्ये जाऊन बायांना सांगितलं, तर सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. सुपरवायझरनं कपाळावरचा कापूस पुसला आणि म्हणाली, "मंग तुमीच बोलसान ना साहेब? दुसरं कोनी नाही ना?" मी म्हटलं, मीच. तिचा चेहरा एवढा निश्चिंत झाला, की तो आठवला तरी आजही मला जेवण जात नाही.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण चूक तिथून आली. आमचं घराणं कचेरीतलं. आजोबा तहसिलीत, वडील जिल्हा कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, चुलते ट्रेझरीत. खासगीत गेलेला मी पहिलाच, आणि ते वडिलांना अजून पुरतं पटलेलं नाही. आमच्या घरात लहानपणी पिकनिकला जायची परवानगी मागायची तरी आधी विषय सांगावा लागे. 'मागच्या वर्षी ताई गेली होती' हा संदर्भ. 'सगळ्या वर्गाची नावं आलीत' ही वस्तुस्थिती. आणि मग सगळ्यात शेवटी, जाऊ का? आधीच 'मला जाऊ द्या' म्हटलं की वडील म्हणत, मागणारा उतावळा दिसला की देणारा आखडतो. घरी यावर हसू व्हायचं, पण पोरं तशीच घडली. मी दुकानदाराशीसुद्धा पार्श्वभूमीपासून बोलतो.

वडील ऐंशी पार केलेले, डोळे अधू, पण कचेरीतल्या टिप्पणीचं नाव निघालं की खुर्चीत सरळ होतात. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसलो. मला त्यांची मदत हवी होती असं नाही. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी अजून त्यांच्याचकडं जातो. पहिली स्लाइड मी केली होती ती अशी: 'पॅकिंग मशीन आणि सहा महिने: आमची विनंती.' मी वाचून दाखवली तर ते एकदम म्हणाले, "हे काय करून राह्यला तू? पह्यल्याच पानावर मागनी?"

"वेळ कमी आहे बाबा. वीसच मिनिटं."

"वेळ कमी असो का जास्ती. तो कोण माणूस, त्याले काय माहीत तुमची परिस्थिती? आधी त्याले माहिती दे. विषय, संदर्भ, पार्श्वभूमी, वस्तुस्थिती, अभिप्राय. त्याच्यानंतर मागनी. खाली 'मान्यतेस्तव सविनय सादर'. अरे, मी पस्तीस वर्षं टिप्पण्या लिहिल्या, एक बी परत नाही आली."

मला ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं, कारण मागणी शेवटी ढकलली की मागायचा क्षणही शेवटी जातो. वडिलांच्या माथी मारून मी मोकळा होऊ शकत नाही. ती पहिली स्लाइड मलाच नको होती. मोठ्या माणसासमोर उभं राहून, नमस्कार झाल्या झाल्या, 'मला हे द्या' म्हणायचं? आमच्यात कोणी असं बोललेलंच नाही. ती स्लाइड मी उचलली आणि सोळाव्या नंबरवर नेऊन ठेवली. तिच्या आधी पंधरा झाल्या. सकाळी ड्युटीला निघण्याआधी रोज दीड तास मी त्या पंधरा स्लाइडी सजवत होतो. कारखाना सुरू झाल्यापासूनचा इतिहास. दोन्ही पत्रांचे जावक क्रमांक. उकळण्याच्या टाकीचा फोटो. हॉलचे फोटो, चार कोनांतून. म्हणतात ना, नमनालाच घडाभर तेल. मी तर घडाभर तेल ओतून वर वात कुठं ठेवली तेच विसरलो होतो.

साहेब यायच्या दोन दिवस आधी मी हॉलमध्ये तालीम केली. जेवणाच्या सुट्टीत. बाया डबे घेऊन खाली बसल्या होत्या, मी लॅपटॉप वजनकाट्याच्या टेबलावर ठेवला. त्यांच्याबद्दल बोललं जाणार आहे तर त्यांनी ऐकावं असं मला वाटलं, आणि थोडं कौतुकही हवं होतं. सव्वीस मिनिटं लागली. बायांनी शेवटपर्यंत ऐकलं. भाकरी मोडायची ती सुद्धा आवाज न करता. संपल्यावर एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली.

सुपरवायझरनं वाजवली नाही. ती डबा बंद करत म्हणाली, "चांगलं झालं साहेब. पण मशीनचं तुमी एवढं मागं काहून ठेवलं?"

"आधी परिस्थिती सांगावी लागते बाई. मग मागणी."

"परिस्थिती तर त्याईलेच माहीत आहे. तेच तर बंद करून राह्यले." बाया हसल्या. ती हसली नाही. "आमच्या तांड्यात नायकापुढं उभं राह्यलं का पह्यले काय पाह्यजे ते सांगतेत, मंग रडतेत. पह्यले रडलं तर नायक म्हनते, बाई रडून घे मंग ये. रडल्याशिवाय माय बी दूध पाजत नाही हे खरं, पण भूक लागली हे तर सांगा लागते ना."

मला राग आला. तो राग मला नीट आठवतो, कारण त्यात लाज मिसळलेली होती. एवढ्या बायांसमोर, माझ्या सोळा स्लाइडी झाल्यावर, ही मला शिकवते. मी म्हटलं, "ऑफिसात असं नाही चालत बाई. ऑफिसची एक पद्धत असते." ती लगेच म्हणाली, "हो साहेब, तुमाले जास्ती समजते," आणि तिनं ते खरंच तसंच म्हटलं. टोमणा नव्हता. टोमणा असता तर कदाचित मी चिडून रात्रीतून स्लाइड बदलली असती.

मी फक्त सव्वीस मिनिटांची वीस करायची म्हणून भरभर बोलायचा सराव केला. काढलं काहीच नाही. इतिहास काढला तर पाया जातो असं वाटे, पत्रं काढली तर पुरावा जातो असं वाटे. आता कोणी विचारलं तर मी सांगू शकतो की सादरीकरण छोटं करायचं म्हणजे बोलायचा वेग वाढवायचा नसतो, पानं फाडायची असतात. तेव्हा एकही पान फाडायला माझा हात उठला नाही.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. मोठे साहेब सकाळी येणार ते बारा वाजता आले, आणि त्यांना संध्याकाळी नागपूरहून विमान होतं. म्हणजे दीडच्या आत निघणं भाग. मॅनेजरनं मीटिंग रूममध्ये सत्कार ठेवला होता. आमच्याकडं पाहुणा आला आणि शाल-श्रीफळ झालं नाही तर पाहुणा आलाच नाही असं धरतात. समईच्या ज्योतीसाठी पंखे बंद केले. मग परिचय. साहेबांचा परिचय साहेबांनाच दोन पानं वाचून दाखवला. त्यांच्यासोबत त्या मोठ्या कारखान्यातून आलेल्या तरुण अधिकाऱ्याचाही सत्कार. मग मॅनेजरचं प्रास्ताविक. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. ज्योत कधीच विझली होती, पण पंखे सुरू करायचं कोणाला सुचलं नाही. साहेब खांद्यावरच्या शालीनं मान पुसत होते. हॉलमधल्या बायांना त्या दिवशी इस्त्रीच्या साड्या नेसून यायला सांगितलं होतं, आणि त्या काचेपलीकडं उभ्या राहून हळूच आत बघत होत्या.

माझी पाळी आली तेव्हा साहेब म्हणाले, "बोला. दहा-बारा मिनिटं आहेत, नेमकं बोला."

दहा-बारा. तिथंच मी थांबायला हवं होतं. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर सोळा आकडा दाबून एंटर मारलं की थेट सोळावी स्लाइड येते, हे मला माहीत होतं, मीच ते ऑफिसातल्या दोघांना शिकवलं होतं. माझा हात कीबोर्डवरच होता. पण मला ते जमेना. आधीची पंधरा सोडून सोळाव्यावर जायचं म्हणजे अर्धवट फाईल साहेबांपुढं ठेवायची, असं वाटलं. मी पहिल्यापासून सुरू केलं. विषय वाचला. मग संदर्भ. पत्र क्रमांक अमुक, पत्र क्रमांक तमुक.

"ही पत्रं मीच पाठवलीत," साहेब म्हणाले. "पुढं जा."

पुढं म्हणजे इतिहास. मी भरभर बोलायला लागलो. भरभर बोलताना माझा आवाज चढतो आणि वाक्याची शेपटं तुटतात. उकळण्याच्या टाकीवर आलो तर साहेबांनी तिच्याबद्दल प्रश्न विचारला, कुठल्या कंपनीची, किती जुनी. मला आनंद झाला. ऐकताहेत! मी टाकीवर तीन मिनिटं बोललो. तीन मिनिटं टाकीवर. टाकीला कोणी धक्का लावत नव्हतं, टाकी राहणारच होती. मरत होता तो हॉल, आणि मी साहेबांना टाकीचं झाकण समजावून सांगत होतो.

अकराव्या स्लाइडवर तरुण अधिकाऱ्यानं साहेबांच्या कानाशी वाकून काही म्हटलं. साहेबांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि उठले. "छान. चांगलं काम आहे तुमचं. प्रेझेंटेशन मला मेल करा."

"सर, अजून पाचच स्लाइड आहेत, महत्त्वाचं पुढंच..."

"मेल करा ना. मी बघतो." आणि ते शाल घडी करून बाहेर पडले.

मी मागं धावलो. हे लिहिताना लाज वाटते पण खरंच धावलो, हातात लॅपटॉप उघडाच. कारचं दार उघडलं होतं. साहेब एक पाय आत ठेवून थांबले. वाईट माणूस नव्हता तो. माझ्या तोंडाकडं पाहून त्यांना काहीतरी कळलं असावं. ते म्हणाले, "तुम्हाला काही म्हणायचं होतं का? सांगा."

असा क्षण मागून मिळत नाही. समोर एक माणूस, हो म्हणायचा अधिकार असलेला, आणि तो स्वतःहून विचारतोय की काय हवंय. पंधरा शब्द लागत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आलं, "सर, त्याचं असं आहे, की हे युनिट जेव्हा सुरू झालं, त्या वेळी पॅकिंगची व्यवस्था..."

ते ऐकत होते. चांगलं पाऊण मिनिट ऐकलं त्यांनी. मी सुरुवातीच्या काळातून बाहेरच पडेना. मला आतून दिसत होतं की मी बुडतोय, आणि तरी तोंड पार्श्वभूमीच सांगत होतं, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात. माझ्याकडं तर विचारणारा समोर भरली कळशी घेऊन उभा होता, आणि भांडं माझ्या पाठीमागं होतं. "बरं, मेल करा," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. कार गेली.

काचेजवळ बाया उभ्याच होत्या. सुपरवायझरनं लांबून मान हलवून विचारलं, झालं? मी मान हलवली, झालं. दुसरं काय करणार.

मेल मी त्याच दिवशी केला, वरातीमागून घोडं. सोबत पत्र जोडलं. ते पत्र मी परवा काढून वाचलं. त्याचं पहिलं वाक्य आहे, 'उपरोक्त विषयास अनुसरून व संदर्भीय पत्रान्वये सादर करण्यात येते की'. मशीन हा शब्द दुसऱ्या पानावर आहे.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं की शेवटपर्यंत पोचूच दिलं नाही. ते चष्मा काढून पुसायला लागले. मग अगदी सहज म्हणाले, "मंग त्यानं शेवटलं पान काढून नाही पाह्यलं?"

"म्हणजे?"

"आमचे साहेब तर फाईल आली का शेवटलंच पान पह्यले काढायचे. मागनी वाचायची, पटली तर सही. नाही पटली तर मंग वरचं वाचायचं. नाहीतर वरचं कोन वाचते बापा?"

पस्तीस वर्षं त्यांच्या टिप्पण्या शेवटून वाचल्या गेल्या होत्या, त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांनी मला ते सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. कागद हातात असलेला माणूस पान उलटतो. समोर बसून ऐकणाऱ्याला पान उलटता येत नाही, बोलणारा नेईल तिकडूनच त्याला जावं लागतं. एवढी साधी गोष्ट. मला ओरडायचं होतं त्यांच्यावर. ते चष्मा पुसत होते आणि मला विचारत होते की मेलवर 'सविनय सादर' लिहिलं ना. मी म्हटलं, लिहिलं.

पुढचे तीन आठवडे मी मेल उघडून बघत होतो, तासातासाला. फोन करावा असं रोज वाटे आणि रोज मी स्वतःला सांगे की आज नको, आज त्यांची मीटिंग असेल. एकदा नंबर लावला, दोन रिंग झाल्यावर कापला, आणि काय बोलायचं ते कागदावर लिहायला बसलो. लिहिता लिहिता परत पानभर झालं. कागद फाडला. बायांना मी टाळायला लागलो होतो. हॉलमधून जाण्याऐवजी इमारतीच्या मागून वळसा घालून जाई. त्यांनी मात्र त्या तीन आठवड्यांत कामात कसूर केली नाही, उलट रोल जास्त निघाले. त्यांना वाटत होतं, बघणारे बघत असतील.

मग पत्र आलं. महिनाअखेर हॉल बंद. उकळणं, धुणं, पिंजणं चालू राहणार. म्हणजे माझी नोकरी चालू राहणार. पत्रात एक ओळ माझ्याबद्दल होती, की प्रक्रिया विभागाची माहिती उत्तम प्रकारे सादर केली. टाकीचा प्रभाव. मी ते पत्र हातात घेऊन संडासात जाऊन बसलो आणि तोंडावर हात दाबून रडलो, कारण कारखान्यात दार लावता येईल अशी ती एकच जागा आहे.

त्यानंतर चारेक दिवसांनी त्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला, हॉलमधल्या वजनकाट्यांची यादी हवी होती. यादी सांगून झाल्यावर, आता गमावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं म्हणून असेल, माझ्या तोंडून ते निघालं. कसलीही प्रस्तावना नाही. म्हटलं, तुमच्या मागच्या शेडमधलं ते ताडपत्रीखालचं मशीन आम्हाला मिळालं असतं तर हा हॉल राहिला असता.

तो म्हणाला, "ते जुनं पॅकिंग मशीन? अहो, ते गेल्याच आठवड्यात भंगारात दिलं. जागा अडत होती." मग म्हणाला, "साहेबांना बोलला होतात का तुम्ही? ते दिलं असतं त्यांनी. आम्हालाच ते कुठं टाकावं असा प्रश्न होता."

फोन ठेवल्यावर मी टेबलावरच्या कॅलेंडरवर साहेब येऊन गेल्यापासूनचे दिवस मोजत बसलो.

शेवटच्या दिवशी बायांनी हॉल झाडून काढला. कोणी सांगितलं नव्हतं. उरलेला निळा कागद नीट घड्या करून कोपऱ्यात रचला, टेबलं पुसली. चार वाजता एकेक जण डबा घेऊन, चपला घालून गेटकडं निघाली. मी ऑफिसच्या पायरीवर उभा होतो. आत बसून राहणं आणखी वाईट दिसलं असतं. कोणी नमस्कार केला, कोणी नुसतंच पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "येतो साहेब," जशी रोज म्हणायची तशी.

सुपरवायझर सगळ्यात शेवटी आली, गुडघ्यावर हात ठेवत. पायरीपाशी थांबली. तिच्यामागं तिच्याच तांड्याकडच्या चार-पाच जणी थांबल्या.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा ना बाई."

"तुमी मांगतलं होतं ना? मशीनचं?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. ती खरंच विचारत होती. मला तिला खरं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं तेव्हा खरंच तेच सांगणार होतो.

"हो बाई," मी म्हटलं. "मागितलं. ते नाही म्हणाले."

तिनं मान हलवली. चेहरा जरा सैल झाला तिचा. "मंग जाऊ द्या साहेब. मांगून नाही भेटलं, त्याचं काई वाटत नाही. मले वाटे, आपल्यासाठी कोनी मांगतलंच नाही का काय. घरी बसल्या बसल्या तेच डोक्यात येऊन राह्यलं होतं." आणि मागं वळून तिनं त्या चौघी-पाचजणींना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला ती बोली येत नाही, पण काय सांगितलं ते कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहून हात जोडले. मीही जोडले.